टाक्यांवर काय लावू? कुत्रीच्या नसबंदीनंतरचे १४ दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. पारोळा तालुक्यातल्या एका घरी दीड वर्षाची गावठी कुत्री आहे, वजन साधारण १५ किलो. परवा तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालं. पोटाखाली मधोमध टाके दिसतात. कालपर्यंत मरगळून पडली होती, आज सकाळी उठून ओट्यावरून उडी मारायच्या बेतात होती. आजी म्हणतात हळद-तेल लावा, शेजारचे म्हणतात बोरिक पावडर टाका, मेडिकलवाल्याने एक मलम हातात ठेवलंय. घरात डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आहेत, त्या चालतील का? गल्लीतले कुत्रे दारात येऊन बसतात. आणि बाहेर ऊन मी म्हणतंय, तर तिला बांधायचं कुठे?

आधी मलमाचं. काहीही लावू नका. हळद नाही, तेल नाही, बोरिक नाही, स्पिरिट नाही, डेटॉल नाही, राख तर अजिबात नाही. टाके घातलेली जखम ही पडून-खरचटून झालेल्या जखमेसारखी नसते. ती स्वच्छ जागी कापलेली आणि कडेला कड लावून शिवलेली असते. वरची कातडी एक-दोन दिवसांत आपोआप चिकटते. त्यावर स्वयंपाकघरातली हळद दाबली की तिचे कण टाक्यांत अडकतात आणि पिवळ्या थराखाली लाली वाढतेय की कमी होतेय हेच दिसेनासं होतं. तेलावर धूळ बसते. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ कशी असते ते वेगळं सांगायला नको. मेडिकलमधल्या मलमांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो: खाज-खरजेसाठी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं, आणि स्टिरॉइडने जखम भरायला उशीर लागतो. शिवाय पोटावर काहीही चोपडलं की कुत्री ते चाटणारच. म्हणजे ज्या गोष्टीपासून तिला दूर ठेवायचं, तिचंच आमंत्रण. तुमच्या डॉक्टरांनी स्वतः एखादा स्प्रे लिहून दिला असेल तर तो तेवढा वापरा.

तुमच्या पत्रातली खरी काळजीची ओळ मलमाची नाही, ‘आज उडी मारायच्या बेतात होती’ ही आहे. ऑपरेशननंतर बिघडलेल्या ज्या केसेस माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेक औषध कमी पडलं म्हणून आलेल्या नसतात. कुत्रीने टाके चाटले, किंवा तिला बरं वाटलं आणि ती धावली, म्हणून आलेल्या असतात.

असं का होतं ते समजून घ्या. या ऑपरेशनमध्ये पोट उघडून अंडाशय आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. मग तीन थरांत शिवतात: सर्वांत आत पोटाच्या मधल्या रेषेवरचा पांढरा, चिवट पडदा, त्यावर चरबीचा थर, आणि वर कातडी. पोटातल्या आतड्यांचा सगळा भार त्या पांढऱ्या पडद्यावर असतो. पहिले तीन ते पाच दिवस तिथे शरीराची स्वतःची ताकद जवळपास शून्य असते, सगळं काम धागा करत असतो. तीन आठवड्यांनीही त्या पडद्याला मूळच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच ताकद आलेली असते. नवा स्लॅब दुसऱ्या दिवशी वरून कडक दिसतो म्हणून कोणी सेंट्रिंग काढत नाही, तसंच हे. आता गंमत अशी की भुलीचा अंमल आणि पहिल्या दुखण्याचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओसरतो. त्यात दीड वर्षाचं गावठी कुत्रं म्हणजे मुळातच काटक. म्हणजे पोट आतून सगळ्यात कच्चं असतं नेमकं त्याच दिवसांत ती बाहेरून सगळ्यात टवटवीत दिसायला लागते. तुम्ही आज तिथेच आहात.

त्यामुळे १० ते १४ दिवस तिला मोकळी सोडायची नाही. शी-शूला नेतानासुद्धा गळ्यात दोरी, तीही आखूड. ओट्याच्या पायऱ्या असतील तर उचलून उतरवा. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांखाली, पोटाखाली हात घालायचा नाही. धाब्यावर (घराच्या मातीच्या सपाट छपरावर) किंवा गच्चीवर जायची सवय असेल तर जिन्याला आडवं काहीतरी लावा. खाट, सोफा, ट्रॅक्टरची ट्रॉली, जिथे जिथे ती उडी मारते ती ठिकाणं तुम्हालाच माहीत. घरात लहान मुलं असतील तर त्यांना स्पष्ट सांगा की दोन आठवडे तिच्याशी दंगा नाही. लांब दोरीने बांधू नका. लांब दोरी म्हणजे धावायला जागा, आणि धावून झटका बसला की ताण पोटावर. दोन-अडीच मीटर पुरे. दिवसभर बांधून ठेवलेली तरणी कुत्री कंटाळते, भुंकते, दोरी चावते. तिच्याजवळ बसा, खाणं एकदम न देता चार वेळा विभागून द्या, जुन्या कापडात भाकरीचे तुकडे गुंडाळून हुंगायला द्या. डोकं दमलं की अंगही स्वस्थ बसतं.

चाटण्याबद्दल आपल्याकडे एक समज पक्का आहे. माझ्या दवाखान्यात म्हातारी माणसं हमखास म्हणतात, ‘कुत्रं चाटीसन बरं व्हस.’ उघड्या, मातीने भरलेल्या जखमेवरची घाण चाटण्याने निघते, त्यामुळे हा समज अगदी हवेतून आलेला नाही. पण टाक्यांच्या बाबतीत उलटं होतं. जीभ सारखी घासत राहते, तोंडात जंतू असतात, आणि चाटता चाटता समोरचे बारीक दात टाक्याची गाठ कधी पकडतात ते कळतही नाही. रात्री सगळे झोपल्यावर अर्ध्या तासात अख्खी शिवण उसवलेली मी पाहिली आहे. म्हणून गळ्यातला शंकू, म्हणजे ती प्लास्टिकची कॉलर, रात्रंदिवस हवी. ‘आम्ही लक्ष ठेवतो’ हे दिवसा जमतं, रात्री जमत नाही.

कॉलर मिळत नसेल तर जुन्या एक्स-रे फिल्मचा शंकू करतात. गळ्याकडच्या कडेला कापडी पट्टी किंवा चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर मान सोलते. शंकूची कड नाकाच्या टोकापेक्षा दोन बोटं पुढे आली पाहिजे, आणि गळ्यापाशी दोन बोटं सैल आत जायला हवीत. पहिला दिवस ती दारांना आपटेल, रुसून बसेल. दया येऊन काढू नका, दुसऱ्या दिवसापर्यंत सवय होते. पाण्याचं भांडं विटेवर ठेवून थोडं उंच करा, म्हणजे शंकू आड येत नाही.

दुसरा मार्ग जुन्या सुती टी-शर्टचा. मुलाचा असेल तर मापात बसतो. समोरची बाजू पाठीवर येईल असा घाला, पुढचे पाय बाह्यांतून काढा, आणि खालचा घेर गोळा करून कमरेवर गाठ मारा, शूच्या जागेच्या पुढेच. ओला झाला की लगेच बदला, म्हणून दोन-तीन हाताशी ठेवा. मात्र काही कुत्र्या कापडावरूनच चाटत राहतात. टी-शर्ट पोटापाशी सारखा ओला दिसला तर समजा की हा उपाय तुमच्या कुत्रीला लागू नाही, शंकूच हवा.

आता जागा. यात हंगामावर बरंच अवलंबून आहे. तुमच्याकडे सध्या मे महिना आहे, आणि जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. भुलीनंतर शरीराचं तापमान आधी खाली येतं, म्हणून सगळीकडे ‘उबदार ठेवा’ असं सांगतात. डिसेंबर-जानेवारीत इथेही ते खरं आहे, तेव्हा खाली पोतं आणि वर गोधडी हवीच. पण मे महिन्यात दुपारी दवाखान्यातून रिक्षात घालून घरी आणेपर्यंत गणित उलटलेलं असतं. गुंगीतल्या कुत्रीला उठून सावलीत जाता येत नाही, आणि कुत्र्याला घामाने अंग गार करता येत नाही, फक्त धापा टाकून. पत्र्याच्या खोलीत दुपारी ठेवू नका. मातीचं धाब्याचं घर असेल तर मधली खोली उत्तम. कूलर चालेल, पण त्याचा झोत अंगावर आणि तुषार पोटाखालच्या कापडावर येता कामा नयेत. टाके ओले राहिले की जंतूंना तेवढंच हवं असतं. खाली धुतलेलं जुनं सुती लुगडं घडी करून घाला, रोज बदला. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा गोठ्यात थेट झोपवू नका. अंगावर पाणी ओतून गार करायचा मोह होईल, तो टाळा. पंजे आणि कान ओल्या फडक्याने पुसलेत तरी फरक पडतो. आंघोळ टाके निघून दोन-तीन दिवस झाल्यावर.

माश्यांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ओलसर, उघड्या जखमेवर माशीने घातलेली अंडी उकाड्यात एका दिवसाच्या आत फुटतात आणि किडे पडतात. कोरडी, मिटलेली शिवण माशीला फारशी आवडत नाही, चाटून ओली केलेली आवडते. दिवसा मच्छरदाणी टाकली तर काम सोपं. गोचिडाचं औषध सध्या अंगावर मारू नका, टाक्यांच्या आसपास तर मुळीच नाही. काय, कधी वापरायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.

गोळ्यांवर मी जरा कडक बोलणार आहे. डायक्लोफिनॅक देऊ नका. आयबुप्रोफेन नाही, ॲस्पिरिन नाही, ताप-अंगदुखीची एकत्र गोळीही नाही. कुत्र्याच्या जठराला त्याने व्रण पडतात, रक्तस्राव होतो, किडनीला इजा होते. (जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे. ते औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती. कुत्र्यांचं कारण वेगळं आहे, पण उत्तर तेच.) आम्ही बहुधा मेलॉक्सिकॅम देतो. तेही मेडिकलमध्ये मिळतं म्हणून स्वतः आणू नका. पहिल्या दिवसानंतर १५ किलोच्या कुत्रीला दिवसाला साधारण दीड मिलिग्रॅम लागतं, आणि माणसांची लहानातली गोळी साडेसात मिलिग्रॅमची असते. म्हणजे सरळ पाचपट. डॉक्टरांनी जे दिलंय ते खाण्याबरोबर, सांगितलं तितकेच दिवस द्या. काळी, डांबरासारखी शी किंवा वारंवार उलटी झाली तर गोळी थांबवून फोन करा. दुखणं कमी झालं नसेल तर ती कण्हते, कुठेच नीट बसत नाही, पोट आखडून चालते, सावलीतही धापा टाकते. तेव्हाही घरची गोळी नाही, फोनच. अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर कुत्री बरी दिसतेय म्हणून मध्येच सोडू नका.

खाण्याचं सोपं आहे. पहिल्या संध्याकाळी थोडं पाणी, मग नेहमीच्या चौथाई-निम्मं जेवण. एखादी उलटी चालते. दुसऱ्या दिवसापासून नेहमीचं. साधी भाकरी, भात-वरण, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन, यातलं तिला जे सवयीचं आहे ते द्या. कळण्याची भाकरी खात असेल तर तीही चालेल, मिरचीच्या ठेच्याशिवाय. भरीत आणि शेवभाजी नको. तेल-तिखट तर आहेच, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. अर्धं केळं दिलंत तर हरकत नाही, आपल्याकडे त्याला तोटा नाही. घरच्या बायका मायेने बाळंतिणीसारखं तूप, शिरा, डिंकाचा लाडू खाऊ घालतात, तो प्रकार थांबवा. एकदम जास्त तूप पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि मनुका-बेदाणे किडनीला घातक. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेलं असतं, त्यामुळे दोन-तीन दिवस शी झाली नाही तरी घाबरू नका. शू मात्र २४ तासांत झालीच पाहिजे.

दारात बसणाऱ्या कुत्र्यांवरून मला वाटतं की ऑपरेशनच्या वेळी ती माजावर असावी किंवा माज नुकताच संपला असावा. तसं असेल तर तिचा वास एक-दोन आठवडे राहतो. पिल्लं होणार नाहीत, पण नर चढला तर आतली ताजी शिवण फाटून जीवावर बेतू शकतं. दार लावून ठेवा, बाहेर नेताना हातात काठी असू द्या, मारायला नव्हे, हुसकायला. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सडांत दूध आलं, ती कापड गोळा करून कोपरा धरायला लागली, तर तो हार्मोन उतरल्याचा परिणाम असतो. पिळू नका, शंकू ठेवा. आठवड्यात ओसरलं नाही तर दाखवा.

रोज काय बघायचं? सकाळी, ऊन चढायच्या आधी, एकाच जागी, एकाच उजेडात मोबाइलवर टाक्यांचा फोटो काढा. कालच्या फोटोशेजारी आजचा ठेवला की अंदाज करावा लागत नाही, आणि डॉक्टरांना पाठवायलाही तोच उपयोगी. कडा चिकटलेल्या, फिकट गुलाबी लाली, पहिल्या दिवशी लालसर पाण्याचा एखादा थेंब, कडेला थोडा निळसर डाग, हे ठीक. शिवणीखाली मऊ, गार, न दुखणारा फुगवटा आला तर बहुधा आत पाणी साचलेलं असतं. ते बहुतेक वेळा जास्त हालचालीने होतं आणि विश्रांतीने जिरतं. सुईने काढायला जाऊ नका. बारीक कडक गाठी धाग्यामुळे असतात, काही आठवड्यांत जातात. पण फुगवटा वाढत गेला, किंवा दाबल्यावर आत जातोय असं वाटलं, तर त्याच दिवशी दाखवा. पडदा आतून सुटलेला असू शकतो.

थांबायचंच नाही अशी लक्षणं वेगळी. शिवणीतून रक्त थेंब थेंब चालूच आहे. पोट फुगतंय आणि कुत्री थंड, सुस्त पडलीय. हिरड्या पांढऱ्या झाल्यात. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, मग काही कळत नाही. अशा वेळी खालची पापणी ओढून आतला रंग बघा, गुलाबी हवा. टाक्यांपासून दूर, पोटावर किंवा हिरड्यांवर जांभळे ठिपके दिसले तर गोचीडतापाने प्लेटलेट्स उतरल्याची शंका घ्यावी लागते, आपल्या भागात हे नवीन नाही. दुर्गंधी, पू, दोनपेक्षा जास्त उलट्या, खाण्याला दिवसभर तोंड न लावणं, ताप. ताप हात लावून ठरवू नका, नाक गरम म्हणजे ताप असं नसतं. गुदद्वारातून थर्मामीटरने १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे तिचं नॉर्मल. गार वेळी मोजून १०३.५ च्या वर आलं तर फोन करा. आणि टाके उसवून आतलं काही बाहेर दिसलं, तर आत ढकलू नका, धुवत बसू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये स्वच्छ फडकं भिजवून त्यावर धरा, चादरीने पोट सैल बांधा, खाऊ-पिऊ न घालता थेट दवाखाना गाठा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये दाबून नेऊ नका, रिक्षा करा आणि कुशीवर आडवी ठेवा.

आजच्या आज करायचं तेवढं परत सांगतो: शंकू किंवा टी-शर्ट, आखूड दोरी, मधली खोली, दार बंद, आणि ते मलम मेडिकलवाल्याला परत.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. घरी ब्लेडने कापू नका. वरून टाके दिसत असले तरी कधी कधी ते विरघळणारे असतात, ते डॉक्टरच सांगतील. टाके निघाले की लगेच शेतावर मोकळी सोडायची घाई नको. पहिला आठवडा दोरीनेच चालवा, रोज थोडं थोडं अंतर वाढवत. बांधावरून उड्या, रानडुकरामागे धावणं हे त्यानंतर, महिनाभराने. एक महिना झाला की खाण्याचं माप साधारण पाव हिश्श्याने कमी करा, कारण नसबंदीनंतर गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते. बरगड्यांवर हात फिरवला की त्या बोटांना लागल्या पाहिजेत. आणि काही महिन्यांनी पुन्हा माजाची लक्षणं दिसली, शूच्या जागी सूज आली, रक्त दिसलं, कुत्रे मागे लागले, तर अंडाशयाचा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता असते. तो काढता येतो. अशा वेळी ती लक्षणं चालू असतानाच ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे घेऊन जा, माज ओसरल्यावर नेलंत तर त्यांना काही सापडणं कठीण जातं.